मंगरूळपीरचा कापूस आणि वसाहती व्यापारधोरण

मंगरूळपीर हे वाशीम जिल्ह्यातील तालुक्याचे गाव वऱ्हाडच्या दक्षिणेकडील पठारावर वसलेले आहे. पूर्णेच्या काळ्या, सपाट खोऱ्याला वऱ्हाडात पाइनघाट म्हणतात आणि त्याच्या दक्षिणेच्या उंच भागाला बालाघाट. मंगरूळपीर, वाशीम आणि पुसद ही बालाघाटातील गावे. दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे गावाच्या नावामागे ‘पीर’ लागले आणि अमरावती जिल्ह्यातील मंगरूळ दस्तगीरपासून ते वेगळे ओळखले जाऊ लागले. हिंदू-मुसलमान दोघांचीही श्रद्धा असलेला हा दर्गा, आठवडी बाजार आणि भोवतालची कापूस-ज्वारीची शेती यांवर गावाचा व्यवहार चालत असे.

एकोणिसाव्या शतकात या व्यवहाराची दिशा पालटली. मंगरूळच्या शेतातील कापसाचा भाव लिव्हरपूलच्या बाजारातील मागणीवर ठरू लागला. या बदलामुळे हिंदुस्थान आणि इंग्लंड या दोन देशांमधील संबंध तर बदललेच, पण कास्तकार आणि सावकार, गाव आणि तांडा, शेतकरी आणि विणकर, तसेच पैनगंगेच्या अलीकडचे आणि पलीकडचे मराठी लोक यांच्यातील जुने नातेही नव्याने घडले. करार, जकात, रेल्वे आणि बाजारकायदा ही त्या घडणीची साधने होती.

इंग्रजांपूर्वीचा व्यापार

वऱ्हाडचा कापूस इंग्रजांच्या आधीपासून परमुलखात जात होता. त्याची मोठी वाट उत्तरेकडे, गंगेच्या काठच्या मिर्झापूरला जाई. सुमारे 500 मैलांची ही वाट बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर माल लादून चालत. मिर्झापूरहून माल नावेने बंगालकडे उतरे. कोकण किनाऱ्यावरून परतताना हेच तांडे मीठ आणत. मात्र बाहेर जाणारा माल एकूण पिकाच्या मानाने थोडा होता. बहुतेक कापूस गावातच पिंजला, कातला आणि विणला जाई. ज्वारी हे मुख्य पीक होते. चांगल्या सालची ज्वारी जमिनीतील पेवांत साठवून ठेवत आणि वाईट साली ती पेवे उघडत. बलुतेदारांचा वाटाही खळ्यावर धान्यातच दिला जाई.

राजकीय सत्ता मात्र स्थिर नव्हती. अठराव्या शतकात वऱ्हाडवर निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचाही अंमल होता आणि महसुलाची वाटणी होई. या दोअमलीत रयतेला दोन्हीकडच्या अंमलदारांना तोंड द्यावे लागे. 29 नोव्हेंबर 1803 रोजी अडगावच्या लढाईत आणि पुढच्याच महिन्यात गाविलगडावर भोसल्यांचा पराभव झाला. देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला आणि इंग्रजांनी तो निजामाला दिला. त्यानंतर महसूल मक्त्याने देण्याची पद्धत वाढली. जो जास्त बोली लावील त्याने परगणा घ्यावा आणि मुदत संपण्याआधी रयतेकडून वसूल करून घ्यावा, असा तो कारभार होता.

याच काळात मुंबईच्या पेस्तनजी आणि विकाजी मेहेरजी या पारशी बंधूंच्या पेढीने वऱ्हाडात पाय रोवला. 1825-26 साली त्यांनी सुमारे 500 बैलांवर कापूस लादून मुंबईला पाठवला. वऱ्हाडातून मुंबईकडे झालेली ही पहिली मोठी रवानगी मानली जाते. त्यांनी वखारी बांधल्या, गाठी दाबण्याचे स्क्रू बसवले आणि रस्ते दुरुस्त केले. निजामाला दिलेल्या कर्जापोटी वऱ्हाडातील महसुलाचा मोठा भागही त्यांच्याकडे गहाण आला. पुढे निजाम सरकारने तो काढून घेतला आणि पेढी बुडाली. कापसाची वाट मिर्झापूरकडून मुंबईकडे वळू लागली होती, पण ती पक्की करण्याचे बळ एका पेढीत नव्हते. ते काम पुढे सरकारी धोरणाने केले.

1853 चा करार

इंग्रजांच्या अधिकाऱ्यांखालील हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च निजामावर होता. तो वर्षाला सुमारे 40 लाख रुपयांपर्यंत गेला आणि थकत राहिला. या थकबाकीचे निमित्त करून लॉर्ड डलहौसीच्या सरकारने 21 मे 1853 रोजी निजामाशी करार केला. त्याअन्वये वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब यांचा कारभार इंग्रजांकडे आला. 1860 च्या नव्या तहाने धाराशिव आणि रायचूर दुआब परत गेले, निजामाचे 50 लाखांचे कर्ज माफ झाले, पण वऱ्हाड इंग्रजांकडेच राहिला. सार्वभौमत्व निजामाचे आणि कारभार इंग्रज रेसिडेंटचा, असा हा ‘हैदराबाद असाइंड डिस्ट्रिक्ट्स’ नावाचा वेगळाच प्रांत झाला.

डलहौसीच्या नजरेत या प्रदेशाचे मोल फौजेच्या खर्चापुरते नव्हते. मँचेस्टरचे गिरणीवाले अमेरिकेवरील अवलंबित्व कमी करण्यासाठी हिंदुस्थानातील कापूस मागत होते आणि वऱ्हाडची काळी जमीन त्यासाठी प्रसिद्ध होती. 1860 नंतर महसुलाचा खर्चवेच जाता उरलेली शिल्लक निजामाला द्यायची होती, पण कारभारात खर्च किती करायचा हे इंग्रजच ठरवत. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे प्रयत्न केले, तरी ते सफल झाले नाहीत. 1902 साली लॉर्ड कर्झनने वार्षिक 25 लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला आणि 1903 मध्ये तो मध्य प्रांताला जोडला. मंगरूळचा शेतकरी अर्धशतकभर एका राजाची नाममात्र प्रजा आणि दुसऱ्या सत्तेचा करदाता होता. त्याच्या मालाचा बाजार तिसऱ्याच ठिकाणी होता.

मँचेस्टरची गरज आणि रेल्वे

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि दक्षिणेकडील राज्यांची बंदरे रोखली गेली. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा फार मोठा हिस्सा तेथून येत असे, तो बंद पडला. हिंदुस्थानी कापसाला अभूतपूर्व भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला आणि वऱ्हाडात ज्वारीची शेते पऱ्हाटीखाली गेली. 1865 मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले आणि मुंबईतील कित्येक पेढ्या बुडाल्या. शेतकऱ्याने मात्र कापूस सोडला नाही, कारण तोवर सरकारचा सारा रोखीत भरायचा होता आणि रोख पैसा देणारे दुसरे पीक नव्हते.

या काळात रेल्वे वऱ्हाडात पोहोचली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा मार्ग थळघाट ओलांडून भुसावळ, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा जात 1867 च्या फेब्रुवारीत नागपूरला भिडला. खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची मोठी पेठ मुख्य मार्गापासून दूर पडली होती. म्हणून जलंबहून तेथवर खास फाटा टाकण्यात आला आणि मार्च 1870 मध्ये त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला. कापसाच्या एका पेठेसाठी व्हाइसरॉयने यावे, यावरून साम्राज्याच्या हिशेबात वऱ्हाडचे स्थान लक्षात येते. लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ हे कापसाच्या जातीचे नाव रूढ झाले.

मंगरूळपीरला रेल्वे आली नाही. तेथील कापूस बैलगाडीने कारंज्याला किंवा थेट अकोल्याला जाई आणि कारंज्याचा माल पुढे मूर्तिजापूरच्या स्टेशनावर. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या इंग्रज कंपनीच्या पुढाकाराने यवतमाळ ते मूर्तिजापूर अरुंद मार्ग कारंज्यावरून टाकला गेला. पुढे लोक त्याला शकुंतला म्हणू लागले. हा मार्ग सरकारी मालकीचा नव्हता आणि त्याची आखणी कापसाच्या पेठा जोडण्याच्या हिशेबाने झाली होती. मुंबईकडे जाण्याची सोय वाढली, पण बालाघाटातील एका तालुक्यातून शेजारच्या तालुक्यात जाण्यासाठी बहुधा बैलगाडीचाच आधार राहिला.

तांडा आणि गाव

रेल्वेने सर्वांत आधी बंजाऱ्यांचा धंदा बुडवला. बंजारे किंवा लमाण हे जुन्या व्यापाराचे वाहक होते. नाईकाच्या हुकमतीखाली शेकडो, कधी हजारो बैलांचा तांडा चाले. एका बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी मिळून अडीचशे पौंडांच्या आसपास ओझे असे. रात्रीच्या मुक्कामी गोण्यांची रांग रचून तिचाच कोट केला जाई. गावाला मीठ हवे असे, तांड्याला धान्य आणि चराई. पावसाळ्यात तांडे गायरानाजवळ तळ देत आणि शेतात बसलेल्या गुरांच्या खताचा फायदा शेतकऱ्याला होई. हे संबंध नेहमीच सलोख्याचे नसत, पण दोन्ही बाजूंना एकमेकांची गरज होती.

मालगाडी सुरू झाल्यावर लांब पल्ल्याची लदेणी परवडेना. मिठाच्या धोरणानेही हा व्यापार आवळला. मिठावरील कर आगरातच वसूल होऊ लागला आणि निरनिराळ्या प्रांतांतील दरांचा फरक राखण्यासाठी सिंधूपासून महानदीपर्यंत सुमारे 2,300 मैलांची जकातरेषा उभारण्यात आली. ती 1879 मध्ये मोडली, पण तोवर मीठ रेल्वेच्या डब्यातून येऊ लागले होते. त्याच वेळी नव्या जमाबंदीत पडीक जमिनी लागवडीखाली आल्या, जंगले राखीव झाली आणि चराईला फी लागली. बैलांचे कळप पोसणे अशक्य झाले.

पुष्कळ तांडे मग वऱ्हाडच्या दक्षिण पठारावर स्थिरावले. आजच्या मंगरूळपीर, मानोरा, दिग्रस आणि पुसद तालुक्यांत त्यांची दाट वस्ती आहे आणि मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे स्थान देशभरच्या बंजारा समाजाचे तीर्थ बनले आहे. ज्यांना जमीन मिळाली ते शेतकरी झाले, उरलेले मजुरीला लागले. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्या समाजांकडे संशयाने पाहण्याची सरकारी रीत घालून दिली आणि पुढे ठिकठिकाणी बंजाऱ्यांच्या गटांनाही तिचा जाच झाला. ज्यांच्या येण्याची गावे मिठासाठी वाट पाहत, त्यांच्या तळावर आता पोलीस पाटलाची नजर राहू लागली.

कारंज्याचा बाजार

कारंजा लाड ही जैन मंदिरे आणि नृसिंह सरस्वतींच्या गुरुमंदिरासाठी प्रसिद्ध असलेली जुनी व्यापारी पेठ मंगरूळपीरपासून बैलगाडीच्या एका मजलेवर आहे. लाड वाणी, जैन, मारवाडी आणि इतर व्यापाऱ्यांच्या पेढ्या तेथे होत्या. हिंदुस्थानातील पहिला नियंत्रित कापूस बाजार 1886 मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाखाली येथेच सुरू झाला. पुढे 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. 1927 च्या मुंबई कापूस बाजार कायद्याला आणि त्यानंतरच्या देशभरातील बाजार समित्यांना वऱ्हाडातील या व्यवस्थेचा आधार मिळाला.

त्यामागील मूळ हेतू शेतकऱ्याच्या संरक्षणाचा नव्हता. ओला कापूस, सरकी-माती मिसळलेली रुई आणि हलक्या जातीची भेसळ यांबद्दल इंग्लंडचे खरेदीदार सतत तक्रार करत. मुंबई इलाख्यात 1863 मध्येच भेसळीविरुद्ध कायदा झाला होता. वऱ्हाडसाठी कापूस कमिशनर म्हणून नेमलेल्या हॅरी रिव्हेट-कार्नॅकचे कामही निर्यातीचा कापूस सुधारणे हेच होते. माल एका जागी यावा, वजन ठरलेले असावे आणि गिरणीला स्वच्छ रुई मिळावी, यासाठी बाजार नियंत्रित झाला.

बाजारातील व्यवहाराचे स्वरूप असे. शेतकरी पहाटे गाडी जुंपून येई आणि अडत्याच्या दुकानापुढे लावी. अडत्याकडून त्याने पेरणीच्या वेळी उचल घेतलेली असे, त्यामुळे माल दुसऱ्याकडे नेण्याची मोकळीक नसे. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवत. मालाचा धनी शेजारी उभा असूनही त्याला बोली कळत नसे. भाव ठरल्यावर गाडी जिनात, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात, जाई आणि गाडी रिकामी होताना खालचा माल हलका निघाला असे सांगून भाव पाडला जाई. मग अडत, दलाली, तोलाई, हमाली, कडता आणि धर्मादाय कापून हिशेबाची चिठ्ठी हाती पडे. गाडी उलटल्यावर माल परत नेणे शक्य नसल्याने तक्रारीला अर्थ उरत नसे. 1897 च्या कायद्याने परवाने, वजने आणि हक्कांचे दर यांना शिस्त लावली. परंतु बाजार समितीवर व्यापाऱ्यांचे वर्चस्व होते आणि कापूस पिकवणाऱ्याला तिच्यात जागा नव्हती. शेतीविषयक रॉयल कमिशनने 1928 च्या अहवालात या उणिवेची दखल घेतली. शेतकरी प्रतिनिधींचा प्रश्न त्यानंतरच्या कायद्यांत हाती घेतला गेला.

जमीन आणि कर्ज

1860 नंतर वऱ्हाडात मुंबई पद्धतीची रयतवारी जमाबंदी लागू झाली. प्रत्येक शेताची मोजणी होऊन सारा 30 वर्षांसाठी ठरला आणि कब्जेदाराला जमीन विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क मिळाला. मक्तेदारांच्या मनमानीतून रयत सुटली, हा या व्यवस्थेचा खरा लाभ होता. देशमुख-देशपांड्यांचे वसुलीचे अधिकार गेले आणि त्याबदली त्यांना ठरावीक रक्कम मिळू लागली. गावातील त्यांचा मान टिकला, तरी सरकार आणि रयत यांच्यामधील त्यांचे स्थान संपले.

ती जागा सावकाराने घेतली. पूर्वीही सावकार होता, पण रयतेच्या जमिनीला विकत घेणारा नसल्याने त्याचे कर्ज पिकावर आणि शब्दावर असे. आता जमीनच तारण झाली. दिवाणी न्यायालय, मुद्रांकाचा कागद आणि मुदतीचा कायदा यांनी कर्जाला धार आणली. मुदत टळू नये म्हणून दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा कागद लिहून घेतला जाई. सही करणाऱ्याला बहुधा वाचता येत नसे. कापसाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होई आणि साऱ्याचा हप्ताही त्याच दिवसांत येई. सगळेच एकदम विकायला निघाल्याने भाव पडे. हप्ता भरून उरलेल्या पैशात कर्ज फिटत नसे आणि पुढच्या मृगाला पुन्हा सावकाराचे दार गाठावे लागे. मालक असलेला शेतकरी आपल्याच शेतात मक्त्याने किंवा बटईने राबू लागला, तर काहींनी सालदारकी पत्करली.

कापसाने मजुरीचेही रूप बदलले. पहिल्या वेच्याआधी शेतात सीतादहीची पूजा करायची आणि मग बायांनी ओटीत कापूस वेचायचा, ही रीत जुनीच. वेचणाऱ्या बाईला वेचलेल्या कापसातील वाटा मिळे आणि तो ती घरी कातायला नेई किंवा बाजारात विकी. घरचे कातणे थांबल्यावर त्या वाट्याचा एकच उपयोग उरला, तो म्हणजे दुकानदाराला विकणे.

विणकरांची गत

वऱ्हाडात कोष्टी आणि साळी तलम लुगडी-पागोटी विणत, मोमीन विणकरांची वस्ती काही गावांत होती आणि महार समाजातील अनेक कुटुंबे जाडेभरडे खादीचे कापड काढत. शेतकऱ्याला रोज लागणारे धोतर आणि कांबळीखालचे पासोडे गावातच मिळे. महारांना गावकीच्या कामाबरोबर हा स्वतंत्र धंद्याचा आधार होता.

इंग्लंडहून येणारे सूत आणि कापड रेल्वेने स्वस्त झाले. कापूस कमिशनरच्या अहवालांतच ही अपेक्षा स्पष्टपणे मांडली होती की विलायती कापड खेड्यापाड्यांत पोहोचले म्हणजे देशी कापडाची मागणी घटेल, कापूस निर्यातीसाठी मोकळा होईल आणि कातण्या-विणण्यात गुंतलेले हात शेतमजुरीला मिळतील. धोरण आणि परिणाम यांचा इतका सरळ संबंध सरकारी कागदांत क्वचितच सापडतो. जकातीचे धोरणही याला पूरक होते. 1882 मध्ये विलायती कापडावरील आयात कर रद्द झाला. सरकारी खजिन्याला पैसा हवा म्हणून 1894 मध्ये तो पुन्हा लावला, तेव्हा लँकेशायरच्या आग्रहाने हिंदुस्थानी गिरण्यांवरही कर बसला. 1896 मध्ये आयात कापडावर साडेतीन टक्के आणि देशी गिरणीच्या कापडावरही तितकाच कर ठरला. हा देशी कापडावरील कर 1926 पर्यंत पूर्णपणे गेला नाही.

हातमाग एकाएकी बंद पडला नाही. लुगड्यांचे काही कोष्टी गिरणीचे सूत घेऊन टिकले. सर्वांत मोठा फटका हातकताई आणि जाड्याभरड्या कापडाला बसला आणि त्यावर जगणारे बहुतांश अस्पृश्य समाजातील होते. धंदा गेला, जमीन नव्हती, म्हणून ते शेतमजुरीकडे, जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांकडे आणि 1877 मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलसारख्या नागपूरच्या गिरण्यांकडे वळले. गिरणीतही त्यांना सूतखात्यात घेत, पण विणाईखात्यात शिवाशिवीमुळे मज्जाव असे. गावातील जातीची भिंत कारखान्यात अशी नव्या रूपात उभी राहिली. तरीही रोख मजुरी आणि शहरातील संघटन यांमुळे विदर्भातील दलित चळवळीला पुढे बळ मिळाले, हेही या बदलाचेच फळ होते.

पैनगंगेची सीमा

1853 पूर्वी वाशीम आणि हिंगोली एकाच निजामी मुलखात होती. कंटिंजंटची छावणीही हिंगोलीला होती. करारानंतर वाशीम-मंगरूळ इंग्रजी कारभारात आले, तर हिंगोली-परभणी निजामाकडे राहिले. पैनगंगेच्या परिसरातील ही सीमा भाषेची नव्हती आणि नातेसंबंधांचीही नव्हती. दोन्हीकडे मराठीच बोलली जाई आणि सोयरीक होई.

सीमा व्यापाराची मात्र होती. 1802 च्या व्यापारी तहाने निजामाच्या राज्यात येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर पाच टक्के जकातीची व्यवस्था झाली होती आणि हैदराबादची जकात स्वतंत्र चालू राहिली. नाणेही निराळे होते. अलीकडे इंग्रजी कलदार रुपया, पलीकडे हाली शिक्का. साधारणपणे सात हाली रुपयांना सहा कलदार मिळत. त्यामुळे बाजारासाठी, बैलासाठी किंवा हुंड्यासाठी पलीकडे जाणाऱ्याला सराफाचा बट्टा सोसावा लागे. पलीकडे दरबारी व्यवहार आधी फारसीत आणि नंतर उर्दूत, अलीकडे शाळा-कचेऱ्यांत मराठी. शिक्षण, वकिली, वर्तमानपत्रे आणि राजकीय सभा यांत वऱ्हाड पुढे गेला आणि मराठवाडा मागे राहिला. विदर्भ आणि मराठवाडा यांच्या विकासातील ज्या तफावतीची चर्चा महाराष्ट्रात आजही होते, तिचे एक मूळ या करारी सीमेत आहे.

छप्पनचा दुष्काळ

या साऱ्या व्यवस्थेची परीक्षा 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत झाली. दुसरा दुष्काळ संवत 1956 मधला म्हणून लोकांच्या तोंडी छप्पनचा दुष्काळ ठरला. पाऊस बुडाला, ज्वारी गेली, गुरे चाऱ्याविना मेली. पूर्वी अशा वर्षी पेवे उघडत. आता पेवांत फारसे काही नव्हते, कारण ज्वारीच्या जागी कापूस आला होता आणि पिकलेले धान्यही रेल्वेने जास्त भावाच्या पेठेकडे जात होते. धान्य वऱ्हाडात होते, पण मजुराच्या हातात ते घेण्याइतका पैसा नव्हता. कापसाचे काम बंद पडल्याने मजुरीही थांबली होती. धान्याच्या खाजगी व्यापारात हात घालायचा नाही, हे सरकारचे तत्त्व दुष्काळातही कायम राहिले आणि मदत मुख्यतः खडी फोडण्याच्या कामांपुरती राहिली.

1891 मध्ये वऱ्हाडची लोकसंख्या 28 लाख 97 हजार होती, ती 1901 मध्ये 27 लाख 54 हजारांवर आली. वाशीम जिल्ह्याला, म्हणजे मंगरूळ, वाशीम आणि पुसद या तीन तालुक्यांना, त्याहून मोठा तडाखा बसला. जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत सुमारे 11 टक्क्यांनी घटून 3 लाख 53 हजार उरली. 1905 मध्ये हा जिल्हाच मोडण्यात आला. वाशीम आणि मंगरूळ अकोल्याला, तर पुसद यवतमाळला जोडले गेले.

खरेदीदार बदलले, व्यवस्था राहिली

वऱ्हाडच्या आखूड धाग्याच्या कापसावर लँकेशायरचे प्रेम फार दिवस राहिले नाही. अमेरिकेचा माल परत येताच तेथील गिरण्या तिकडे वळल्या. पुढे युरोपातील इतर देश, मुंबईच्या गिरण्या आणि जपान हे मुख्य गिऱ्हाईक झाले. रॅली ब्रदर्स आणि फोल्कार्ट या युरोपीय कंपन्या आणि त्यामागून जपानी कंपन्या वऱ्हाडच्या पेठांत थेट खरेदी करू लागल्या. लांब धाग्याच्या बनी जातीपेक्षा रुईचा उतारा जास्त देणारी जाडीभरडी जरी शेतकऱ्याला परवडे, कारण बाजारात चांगल्या धाग्याला वेगळा भाव क्वचितच मिळे. जिनिंगचे कारखाने इतके वाढले की मालकांनी आपसांत गट करून काही कारखाने बंद ठेवावेत, दर चढे ठेवावेत आणि नफा वाटून घ्यावा, अशी ‘पूल’ पद्धत रूढ झाली. तिचा भार शेवटी कापसाच्या भावातूनच निघे.

1930 च्या जागतिक मंदीत कापसाचा भाव कोसळला, पण सारा आणि कर्ज तेवढेच राहिले. त्या वेळी मध्य प्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळात असलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांच्या पुढाकारातून 1933 चा कर्ज लवाद कायदा झाला. कर्जाची रक्कम तडजोडीने कमी करून हप्ते बांधून देणारी मंडळे त्याअन्वये स्थापन झाली. शेतकरी आणि सावकार यांच्यातील व्यवहार केवळ दोघांचा खाजगी करार नाही, राज्याने त्यात शेतकऱ्याच्या बाजूने उभे राहिले पाहिजे, ही भूमिका वऱ्हाडात कायद्यात उतरली.

स्वातंत्र्यानंतर

1956 च्या राज्य पुनर्रचनेत वऱ्हाड आणि मराठवाडा दोन्ही मुंबई राज्यात आले, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला आणि पैनगंगेची जुनी सीमा राज्याच्या आतली जिल्हासीमा बनली. 1 जुलै 1998 रोजी वाशीम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि मंगरूळपीर त्याच्या सहा तालुक्यांपैकी एक. पुसदजवळच्या गहुली येथील बंजारा कुटुंबात जन्मलेले वसंतराव नाईक 1963 ते 1975 या काळात मुख्यमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत 1971 चा कायदा होऊन 1972 पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. अडत्या आणि दलाल यांना बाजूला सारून राज्याने स्वतः सर्व कापूस विकत घ्यावा, असा तो प्रयोग होता. ज्या व्यवस्थेने त्यांच्या समाजाचा धंदा हिरावला, तिच्या मुख्य मालाचा व्यापार राज्याच्या हाती आणण्याचा निर्णय त्यांच्या सरकारने अमलात आणला. तोटा, विलंबाने मिळणारे चुकारे आणि खुल्या बाजाराचे धोरण यांमुळे ती योजना पुढे टिकली नाही.

राज्यांच्या सीमांचे परिणाम समाजांच्या दर्जावर अजून दिसतात. एकच बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत गणला जातो, तर तेलंगणात अनुसूचित जमातींत. जुन्या हैदराबाद संस्थानातील नोंदींचा आधार घेऊन होणारी आरक्षणाची मागणी याच इतिहासातून आलेली आहे.

आज मंगरूळपीर परिसरात कापसाच्या बरोबरीने, किंबहुना त्याहून अधिक, सोयाबीन पेरले जाते. त्याचा भाव खाद्यतेलाच्या आयात शुल्काशी आणि पेंडीच्या परदेशी मागणीशी बांधलेला आहे. कापसावर 2021 मध्ये लावलेले 11 टक्के आयात शुल्क ऑगस्ट 2025 मध्ये काही महिन्यांसाठी माफ झाले, तेव्हा नवा कापूस घरात येण्याच्या तोंडावर भावाची चिंता वऱ्हाडभर पसरली. वसाहती काळाशी तुलना करता एक फरक मूलभूत आहे. तेव्हा धोरण ठरवणाऱ्यांना मंगरूळच्या शेतकऱ्याला जाब द्यावा लागत नव्हता. आता तो शेतकरी मतदार आहे, बाजार समितीत त्याचे प्रतिनिधी बसतात आणि शुल्काच्या निर्णयावर सरकारला जाब विचारण्याचा हक्क त्याला आहे.